नकाशावरची रेघ आणि करारातील वाक्य : अरब प्रदेशांच्या सीमा कशा ठरल्या

विचारलेला प्रश्न दुहेरी आहे. अरब देशांच्या सीमा साम्राज्यवादी अधिकाऱ्यांनी टेबलावर नकाशा पसरून, पट्टी ठेवून आखल्या, हे नेहमी ऐकू येणारे विधान कितपत खरे आहे? आणि ज्या वाळवंटाची धड मोजणीही झालेली नव्हती, तेथील सीमा करारात लिहिली तरी कशी जात असे? जुन्या सरहद्दींचे करार, नकाशे आणि त्यामागचा पत्रव्यवहार तपासून अभिप्राय देणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतकेच देता येते की पट्टी वापरली गेली हे खरे, पण ती बहुतेक वेळा सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी महत्त्वाच्या जागी वापरली गेली. खरे काम वाक्यांनी केले. त्या वाक्यांचा हेतू पुष्कळदा दोन शेजाऱ्यांची जमीन वेगळी करण्याचा नव्हताच. तिसऱ्या कोणाला तरी त्या प्रदेशापासून दूर ठेवण्याचा होता. ही एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढे झालेला बराचसा गोंधळ समजू लागतो.

या विषयात पहिले नाव निघते ते १९१६ च्या साइक्स-पिको नकाशाचे (तुर्की साम्राज्याचे अरब प्रदेश ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात वाटण्यासाठी साइक्स व पिको या दोन मुत्सद्द्यांनी केलेला), म्हणून ते आधी बाजूला करतो. तो नकाशा खरा आहे, त्यावर दोघांच्या सह्याही आहेत, पण आजच्या सीमा त्यावरून उतरलेल्या नाहीत. त्या वाटपात मोसुल फ्रेंच प्रभावक्षेत्रात होते. ते इराकला मिळाले ते १९१८ नंतरच्या ब्रिटिश-फ्रेंच घासाघिशीमुळे, राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) चौकशी आयोगामुळे आणि अखेर १९२६ च्या अंकारा करारामुळे. सीरिया आणि पॅलेस्टाइन यांच्यामधील रेषा १९२० ते १९२३ या काळात वेगळ्या आयोगाने ठरवली. साइक्स-पिकोला सगळ्या दुखण्याचे मूळ ठरवणे सोयीचे असते, परंतु सीमाशास्त्राच्या दृष्टीने तो नकाशा फारसा उपयोगी नाही. उपयोगी उदाहरणे दक्षिणेकडे, एडन (आजच्या येमेनमधील बंदर) आणि कुवेत या दोन टोकांना सापडतात, आणि त्यांतील पहिल्याचा कारभार तर थेट मुंबईहून चालत असे.

प्रथम समुद्राकडून पाहू, कारण ब्रिटिश तेथूनच आले. डिसेंबर १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या मोहिमेने रास अल-खैमा घेतले आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरील शेखांशी सर्वसाधारण तह झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारच्या आरमाराने आखाताचे सर्वेक्षण हाती घेतले. मॉन, गाय, ब्रक्स, हेन्स या अधिकाऱ्यांनी १८२९ पर्यंत अरबी किनारा खोलीच्या मापांसकट नकाशावर आणला. ही मोजणी चांगली होती, कारण तिच्यावर जहाजांचे प्राण अवलंबून होते. मात्र किनाऱ्यापासून थोडे आत गेले की त्याच नकाशांवर कोरा कागद लागतो. ब्रिटिशांना आतल्या जमिनीचे देणेघेणे नव्हते. व्यापारी जहाजे सुरक्षित राहावीत एवढेच त्यांना हवे होते. १८३५ च्या सागरी तहानंतर आखातातील ब्रिटिश प्रतिनिधी (रेसिडेंट) हेनेल यांनी जी मर्यादारेषा आखली, तीही पाण्यावरची होती. लढाऊ नौकांनी तिच्यापलीकडे जायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. अरबस्तानात ब्रिटिशांनी आखलेल्या पहिल्या रेषांपैकी एक अशी समुद्रात पडलेली आहे, आणि कोणाची जमीन कोठे संपते याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही.

एडनची कथा वेगळी आहे. १८३९ च्या जानेवारीत हेन्स यांनी ते बंदर घेतले आणि पुढे १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याचा भाग होते. (हेन्स यांचा शेवट मात्र दुःखद झाला. तिजोरीतील तुटीपायी ते मुंबईत सहा वर्षे कैदेत होते आणि १८६० मध्ये सुटकेनंतर काही दिवसांतच मुंबई बंदरातच वारले.) बंदराला पाणी, चारा, धान्य लागे आणि ते मागच्या डोंगराळ प्रदेशातून येई, तेव्हा त्या वाटांवरील टोळीप्रमुखांना तनखे बांधून देण्याची पद्धत पडली. तुर्क येमेनमध्ये परतून दक्षिणेकडे सरकू लागले, तेव्हा १८७३ मध्ये ब्रिटिशांनी इस्तंबूलच्या सरकारला जे कळवले ते रेषेच्या भाषेत नव्हते. त्यांनी नऊ टोळ्यांची नावे दिली : अब्दली, फदली, औलकी, याफी, हौशबी, अमीरी, अलवी, अक्रबी आणि सुबैही. या टोळ्यांशी आमचे करार आहेत, तुम्ही त्यांच्यात ढवळाढवळ करू नये, असा त्या खलित्याचा आशय होता. म्हणजे सीमा होती, पण ती माणसांच्या यादीच्या रूपात होती.

यादीची रेषा करण्याचे काम १९०२ मध्ये अंगावर आले. ब्रिटिश-तुर्की संयुक्त सीमा आयोगाचे ब्रिटिश आयुक्त कर्नल वाहब हे भारतीय सर्वेक्षण विभागात मुरलेले अधिकारी होते. ठिणगी पडली ती एडनच्या उत्तरेकडील धाला येथे. तेथील अमीर ब्रिटिशांचा तनखा घेत होता आणि त्याच्याच मुलखातील जलीला या गावी तुर्की शिबंदी बसली होती. शेजारच्या जबल जिहाफ या डोंगरावरही वाद होता. प्रश्न भूगोलाचा कमी आणि हिशेबाचा जास्त होता : त्या डोंगरावरची गावे अमीराला वसूल देत होती की नाही, देत असतील तर केव्हापासून, आणि न दिल्यास अमीर ते जबरदस्तीने घेऊ शकत होता का? दोन्ही बाजूंनी साक्षी गोळा केल्या. एकाच गावचे वडीलधारे ब्रिटिश अधिकाऱ्यासमोर एक आणि तुर्की अधिकाऱ्यासमोर दुसरे सांगत. आणि त्यात नवल काहीच नाही, कारण ज्याच्या तोफा जवळ त्याला दुखवायचे नाही हा त्यांचा पिढीजात शहाणपणा होता. शेवटी १९०३ मध्ये ब्रिटिशांनी सैन्य पाठवले, राजनैतिक दडपण आणले आणि तुर्क जलीलाहून मागे हटले. त्यानंतर १९०५ पर्यंत बाब अल-मंदेबपासून ईशान्येकडे बना नदीपर्यंतची रेषा बरीचशी प्रत्यक्ष फिरून ठरवली गेली.

बना नदीच्या पुढचे काय, हा प्रश्न मग उरला. पुढचा मुलूख कोणी मोजलेला नव्हता आणि तेथे जाऊन बसण्याची दोघांपैकी कोणाची तयारी नव्हती. तेथे मात्र पट्टी निघाली. ९ मार्च १९१४ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि तुर्की प्रतिनिधी इब्राहिम हक्की पाशा यांनी सही केलेल्या करारात, मोजणी जेथे थांबली होती तेथून ४५ अंशांच्या कोनात ईशान्येकडे रुब अल-खाली या विस्तीर्ण वाळवंटाच्या वाळूत जाणारी एक सरळ रेषा लिहिली गेली. नकाशावर ती जांभळ्या रंगात आहे, म्हणून तिला जांभळी रेषा म्हणतात. एकाच करारातील या दोन तुकड्यांची तुलना केली की सरळ रेषेचे खरे स्वरूप दिसते. जेथे माणसे होती, वसूल होता, भांडण होते, तेथे रेषा वेडीवाकडी आहे आणि तिच्यामागे तीन वर्षांची पायपीट आहे. जेथे हितसंबंध नव्हते तेथे एका वाक्यात शेकडो मैल उरकले आहेत. त्या वाक्याचा अर्थ, ‘या रेषेच्या पलीकडे तुम्ही आम्हाला विचारू नका, अलीकडे आम्ही तुम्हाला येऊ देणार नाही’, एवढाच होता. येमेनचे राज्यकर्ते इमाम याह्या यांनी ही विभागणी कधीच मनापासून मान्य केली नाही; १९३४ च्या साना तहात त्यांनी तिला ‘जैसे थे’ म्हणून मान्यता दिली, तीही ४० वर्षांपुरती. तरी तुर्कांबरोबर ठरलेल्या रेषेचा मोजलेला भाग पुढे दोन येमेन राज्यांची सरहद्द म्हणून १९९० च्या एकीकरणापर्यंत टिकला.

कुवेतचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. जानेवारी १८९९ मध्ये शेख मुबारक यांनी ब्रिटिश संमतीशिवाय आपली कोणतीही जमीन दुसऱ्या सत्तेला न देण्याचे लिहून दिले. पण ‘आपली जमीन’ म्हणजे कोणती, हे त्या कागदात कोठेही नव्हते. ते लिहिण्याची गरज कोणालाच वाटली नाही, कारण ब्रिटिशांना भीती होती ती रशियाच्या किंवा जर्मनीच्या रेल्वेचे टोक आखाताला लागण्याची. १९०२ मध्ये तुर्कांनी उम्म कस्र, सफवान आणि बुबियान बेटावर ठाणी बसवली, तेव्हा तो प्रश्न टाळता येईना.

उत्तर मिळाले ते २९ जुलै १९१३ च्या ब्रिटिश-तुर्की करारात. त्यात कुवेतभोवती दोन रेषा आहेत. कुवेत शहर मध्यबिंदू मानून, उत्तरेस खोर अल-झुबैर आणि दक्षिणेस अल-कुरैन यांना टेकणारे अर्धवर्तुळ लाल रंगात आहे. त्याच्या आत शेख स्वायत्त. त्याच्या बाहेर हिरवी रेषा आहे. तिच्या आतील टोळ्या शेखाच्या अधीन मानायच्या आणि त्यांच्याकडून वसूल त्याने घ्यायचा. या हिरव्या रेषेचे कलम सावकाश वाचण्यासारखे आहे. ती खोर अल-झुबैरच्या मुखाशी सुरू होते, उम्म कस्र, सफवान आणि जबल सनाम यांच्या लगेच दक्षिणेने जाते, ही ठिकाणे ‘त्यांच्या विहिरींसह’ तुर्की बसरा प्रांताला (आजच्या दक्षिण इराकला) सोडते, बातिनच्या कोरड्या पात्राने नैर्ऋत्येस हफरपर्यंत जाते, आणि तेथून आग्नेयेस वळून सफा, गराआ, हबा, वब्रा, अंता या विहिरी कुवेतच्या बाजूला ठेवत समुद्राला मिळते. ही भाषा आपल्याकडील जुन्या खरेदीखतातील चतुःसीमेसारखी आहे : पूर्वेस अमक्याची विहीर, पश्चिमेस ओढा. रेषा ही त्या विहिरींना जोडणारा दोरा आहे. खरे मोल विहिरींचे आहे. उन्हाळ्यात उंटांचे कळप पाण्यावर येतात, तेथेच शेखाचा माणूस त्यांची मोजदाद करून झकात (कळपांवरील कर) घेतो, आणि ज्याला झकात दिली त्याची ती टोळी, असा तेथील व्यवहार होता. कलम लिहिणाऱ्यांना तो माहीत होता, कारण त्यांच्यासमोर कुवेतमधील ब्रिटिश एजंटांनी पाठवलेली विहिरीविहिरींची टिपणे होती.

नकाशाची अवस्था त्या मानाने कशी होती? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या फ्रेझर हंटर यांनी १९०८ च्या सुमारास सिद्ध केलेला अरबस्तानचा नकाशा त्या काळी सर्वोत्तम मानला जाई. त्याचे प्रमाण सुमारे २० लाखांस १ होते. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर २ किलोमीटर. किनारा सोडला तर त्यातील पुष्कळ ठिकाणे प्रवाशांच्या दिनचर्यांवरून आणि वाटाड्यांच्या तोंडी माहितीवरून बसवलेली. अशा कागदावर बोरूच्या जाडीची रेघच किलोमीटरभर रुंद होते. त्यामुळे नकाशा आणि कलम यांच्यात विसंगती दिसली तर मी नेहमी कलमाच्या बाजूने झुकतो.

याच करारात निळी रेषाही आहे : झखनुनिया बेटासमोरील आखातापासून सरळ दक्षिणेस रुब अल-खालीपर्यंत, तुर्की नजदची (मध्य अरबस्तानची) पूर्वसीमा म्हणून. यातली गंमत अशी की, कराराच्या दोन महिने आधी, मे १९१३ मध्ये, नजदचे सत्ताधीश (पुढे सौदी अरबस्तानचे राजे) इब्न सौद यांनी अल-हासा हा आखाताकाठचा प्रांत जिंकून तुर्की शिबंदी तेथून हाकलून दिली होती. हक्की पाशा लंडनमध्ये ज्या किनाऱ्याची सीमा ठरवत होते, तो किनारा त्यांच्या सरकारच्या हातून गेला होता, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. हा करार पुढे संमतही झाला नाही, म्हणजे सहीनंतरची अंतिम मंजुरी त्याला मिळाली नाही. महायुद्ध आड आले.

एरवी असा कागद मेला असता. पण १९१४ च्या एडन करारात निळ्या रेषेचा उल्लेख होता आणि तो करार मात्र संमत झाला होता. १९३३ मध्ये अमेरिकी तेल कंपनीला सौदी सवलत मिळाल्यावर अमेरिकेने लंडनला विचारले की, सौदी अरबस्तानची पूर्वसीमा नक्की कोठे आहे. ब्रिटिशांनी वीस वर्षांपूर्वीची निळी रेषा काढली आणि १९३४ मध्ये ती रियाधपुढे ठेवली : तुम्ही तुर्कांचे वारस, तेव्हा ही तुमची सीमा. तुर्कांनी कधी पाहिलेल्याही नसलेल्या वाळवंटाबद्दल तुर्कांशी झालेला करार माझ्यावर कसा बांधील, हा इब्न सौद यांचा प्रतिप्रश्न माझ्या मते रास्त होता. १९३५ च्या एप्रिलमध्ये सौदी अधिकारी फुआद हमझा यांनी टोळ्यांच्या निष्ठेवर आधारलेली वेगळी रेषा मांडली, ब्रिटिशांनी नोव्हेंबरमध्ये तडजोडीची रियाध रेषा पुढे केली, आणि वाद तसाच राहिला. तोच पुढे ओमान आणि अबू धाबी यांच्या सीमेवरील बुरैमी या हिरवळीच्या प्रदेशात पेटला. १९५५ मध्ये त्यावर जिनिव्हात बसलेला लवाद मोडला. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी जे पुरावे आणले होते, त्यांत झकातीच्या नोंदी फार मोठ्या प्रमाणावर होत्या. नकाशे होतेच, पण भिस्त वसुलाच्या वह्यांवर होती.

आता उकैर. नोव्हेंबर १९२२ च्या अखेरीस अल-हासा किनाऱ्यावरील या छोट्या बंदरात इराकमधील ब्रिटिश उच्चायुक्त पर्सी कॉक्स, इब्न सौद आणि इराकचा प्रतिनिधी भेटले. कुवेतच्या शेखाच्या वतीने तेथील ब्रिटिश एजंट मेजर मोर होते, शेख स्वतः नव्हते. सहा दिवस वाद चालल्यावर कॉक्स यांनी लाल पेन्सिलीने नकाशावर सीमा ओढली, कुवेतचा फार मोठा दक्षिण प्रदेश नजदला दिला, आणि इब्न सौद यांच्या डोळ्यांत पाणी आले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ती तेथे हजर असलेले ब्रिटिश अधिकारी डिक्सन यांनी तीसहून अधिक वर्षांनी प्रसिद्ध केलेल्या आठवणीतून येते. मला ती खोटी वाटत नाही, पण तिच्यामुळे पेन्सिलीकडेच लक्ष जाते. इब्न सौद यांचे म्हणणे मुळातच वेगळे होते : बदूंच्या मुलखात स्थिर रेषा नको, टोळ्यांच्या फिरतीप्रमाणे सीमा मानावी. ते कॉक्स यांनी फेटाळले, पण पूर्णपणे नाही. म्हणून तर नजद-इराक आणि नजद-कुवेत यांच्यामध्ये दोन तटस्थ क्षेत्रे ठेवली गेली, जेथे दोन्हीकडच्या टोळ्यांना चारापाण्याचा समान हक्क होता. (कुवेतकडील क्षेत्र १९६५ च्या कराराने वाटले गेले, तेलावरचा हक्क मात्र आजही निम्मा-निम्मा आहे.) शिवाय उकैरच्या पहिल्या जोडकरारात असे कलम आहे की, सीमेच्या आसपासच्या पाणवठ्यांचा आणि विहिरींचा लष्करी उपयोग, म्हणजे त्यांवर किल्ले बांधणे वगैरे, कोणी करायचा नाही.

‘आसपास’ म्हणजे किती, हे मात्र लिहिलेले नाही. १९२७ मध्ये इराकने बुसैया येथील विहिरींपाशी पोलिस ठाणे बांधायला घेतले. बगदादचे म्हणणे, ही जागा सीमेपासून दूर आहे. नजदचे म्हणणे, आमचे कळप जेथपर्यंत पाण्यासाठी येतात ते सगळे आसपासच. नोव्हेंबरमध्ये नजदमधील मुतैर टोळीचे प्रमुख फैसल अल-दुवैश यांच्या माणसांनी तेथील कामगार आणि पोलिस कापून काढले. त्यातून जे छाप्यांचे आणि ब्रिटिश विमानांच्या बाँबफेकीचे सत्र सुरू झाले, त्याला नकाशावरील पेन्सिलीपेक्षा कलमातील हा मोकळा शब्द जास्त जबाबदार आहे.

कुवेत-इराक सीमेचे पुढे काय झाले ते सफवानच्या एका पाटीत पाहता येते. १९२३ च्या एप्रिलमध्ये कॉक्स यांनी पत्राने कळवले की, इराकच्या बाजूपुरती १९१३ ची हिरवी रेषा मान्य आहे. १९३२ मध्ये इराकचे पंतप्रधान नुरी अल-सईद आणि कुवेतचे शेख यांच्या पत्रांतून तेच वर्णन पुन्हा लिहिले गेले : सफवानच्या विहिरी, जबल सनाम आणि उम्म कस्र यांच्या दक्षिणेने. दक्षिणेने, पण किती दक्षिणेने? मेजर मोर यांनी सफवानच्या दक्षिणेस, खजुराच्या शेवटच्या झाडापासून अंदाजे मैलभर अंतरावर, रस्त्याकडेला सीमेची पाटी लावली होती. ती पुढे निघाली, पुन्हा लागली, पुन्हा नाहीशी झाली, आणि प्रत्येक वेळी आधीच्याच जागी लागली का यावर पत्रापत्री झाली. खजुराची बाग तर जिवंत वस्तू. जुने झाड मरते, नवे थोडे पुढे लावले जाते, आणि त्यावरून मोजलेले अंतर हलते. १९९१ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आखणी आयोगाला जागा ठरवायची होती, तेव्हा झाडांचा उपयोग राहिला नव्हता. आयोगाने जुन्या जकात नाक्याच्या आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून जुन्या रस्त्याने दक्षिणेस १४३० मीटर ही पाटीची जागा मानली आणि तेथून आखणी केली. बातिनच्या पात्रात त्याने तळाच्या सर्वांत खोल बिंदूंना जोडणारी रेषा धरली. सुरक्षा परिषदेने मे १९९३ मध्ये ८३३ व्या ठरावाने ही आखणी अंतिम मानली आणि इराकने पुढच्या वर्षी ती स्वीकारली. सत्तर वर्षे चाललेल्या या वादात कोणीही पट्टीबद्दल तक्रार केली नाही. तक्रार होती ती ‘दक्षिणेने’ या शब्दाला अंतर जोडलेले नव्हते याची.

न्यायालये नकाशांकडे कसे पाहतात, हेही पाहायला हवे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पीठाने बुर्किना फासो आणि माली यांच्या खटल्यात १९८६ मध्ये जे सांगितले तेच आजही मार्गदर्शक आहे : नकाशा म्हणजे माहिती, तो स्वतः हक्क निर्माण करत नाही. करारास जोडलेला आणि पक्षांच्या इच्छेचा भाग झालेला असेल, तरच त्याला वेगळे वजन मिळते. कतार आणि बहरीन यांच्या खटल्याचा निकाल २००१ मध्ये लागला. त्यात हवार बेटे बहरीनला मिळाली ती कोणत्या नकाशामुळे नव्हे, तर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने दोघांना कळवलेल्या निर्णयाच्या आधारे. त्याच खटल्यात कतारने दाखल केलेल्या ८२ कागदपत्रांच्या खरेपणावर बहरीनने आक्षेप घेतला आणि शेवटी कतारनेच त्यांवर अवलंबून राहणार नसल्याचे सांगितले. आखाताची जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्याने हे प्रकरण विसरू नये. विशेषतः अचानक उपलब्ध झालेला, नेमका आपल्याला हवा तोच मजकूर असलेला कागद समोर आला, तर.

या विषयाचा मुळापासून अभ्यास करायचा असेल, तर नकाशापासून सुरुवात करू नका. आधी कराराचे कलम मूळ भाषेत वाचा (१९१३ चा करार फ्रेंचमध्ये आहे), मग ते कलम कोणाच्या टिपणावरून लिहिले गेले ते शोधा, आणि नकाशा त्यानंतर उघडा. आखाताविषयीच्या ब्रिटिश-भारतीय दप्तराचा मोठा भाग कतार डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. एडनसाठी मात्र मुंबईस जावे लागते. काळा घोडा येथील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या राजकीय खात्याचे खंड आहेत. त्यांत टोळीप्रमुखांना द्यायच्या तनख्यांविषयीचे कागद असतात : कोणाला किती रक्कम, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या कारणाने थांबवली आणि पुन्हा कधी सुरू केली. अमुक डोंगरावरचे गाव १९०२ पूर्वी कोणाकडे होते हे ठरवायचे असेल, तर मी प्रथम तेच कागद मागवतो.